नाडीखालची त्वचा

ब्लाउजच्या गळ्याचे प्रकार शिवणवर्गातली नवखी मुलगीही घडाघडा सांगेल. परकराचे विचारा: चार कळ्या किंवा सहा कळ्या आणि नाडी, संपले. सबंध साडीचा भार जिथे पेलला जातो, जिथे कापड दिवसभर कातडीला घासते, त्या जागेचा आपल्या शिवणव्यवसायाने विचारच केलेला नाही.

डॉक्टरांनी केला. मुंबईचे डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी धोतराच्या काचाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन १९४५ सालीच केले होते. २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी कमरेवर असाच कर्करोग झालेल्या दोन स्त्रियांची हकिगत मांडली. एकीला परकराची घट्ट नाडी भोवली. दुसरी परकराशिवाय चाळीस वर्षे लुगडे कसून नेसत होती. असा कर्करोग दुर्मीळ आहे. पण कमरेवरचा काळा पट्टा, खाज, सोललेली कातडी मुळीच दुर्मीळ नाही. मापे घेताना ती आपल्याला दिसते आणि आपण गप्प राहतो.

परकर सैल बांधा, असा डॉक्टरांचा सल्ला. सैल बांधला की निऱ्या सुटतात, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. म्हणूनच पुढचे काम आपले. ताण तोच राहिला तरी पट्टी जितकी रुंद, तितका दाब कमी: ५ मिलिमीटरच्या नाडीऐवजी ४० मिलिमीटरची पट्टी दिली, तर दाब आठव्या हिश्शावर येतो. कमरेच्या उताराप्रमाणे कापलेला योक द्या, म्हणजे भार कुल्ल्यांवर जाईल. बाजूला हुकाची दोन-तीन घरे ठेवा, जेवणानंतर एक घर सोडता येईल. पँट शिवताना हे सगळे आपण करतोच.

साडीचे शेपवेअर दाब पसरवते, हे मान्य. पण सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. शेपवेअर पॉलिएस्टरचे असेल, तर विदर्भातल्या मे महिन्यात घाम कमरेपाशीच साचणार. निदान पट्टीला आतून मऊ सुती अस्तर लावाच.

आणि एक विनंती. कमरेचे माप उभे करून घेता, तसे बसवूनही घ्या. तिथे न भरणारी जखम दिसली, तर संकोच न करता त्या बाईंना डॉक्टरकडे पाठवा.