टेंडर जिंकलं, पुढे काय?

हे पान वाचून झालं की याच पेपरची आतली पानं चाळा. कुठेतरी कोपऱ्यात, भिंग लावून वाचावी लागेल अशा टाइपमध्ये 'ई-निविदा सूचना' छापलेली दिसेल. आपण ती हमखास सोडून देतो. पण तुमच्या गल्लीत घंटागाडी रोज येणार की दिवसाआड, तुम्ही वेगळा केलेला ओला-सुका कचरा गाडीत पुन्हा एकत्र होणार की नाही, गाडीमागे धावणाऱ्या माणसाच्या हातात मोजे असणार की नाही, हे बरंचसं त्या कोपऱ्यात ठरतं.

आणि रक्कम किरकोळ नसते बरं का. देवनारच्या डोंगरातला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा हटवण्यासाठी मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये काढलेलं टेंडर २ हजार ३६८ कोटींचं होतं. त्याच वर्षी मुंबईतला कचरा उचलून नेण्याचं काम कंत्राटदारांकडे देण्याच्या टेंडरवरून कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. म्हणजे कचरा हा आता फक्त स्वच्छतेचा विषय उरलेला नाही. तो मोठा धंदा आहे, आणि त्याची किल्ली आहे टेंडर. मग ते जिंकतात कसं?

दोन लिफाफ्यांचा खेळ

आपल्याकडे बहुतेक टेंडरं दोन लिफाफ्यांत भरतात. हल्ली लिफाफे ऑनलाइन असतात, नाव मात्र तेच. पहिल्यात तुमची लायकी: उलाढाल, अशाच कामाचा अनुभव, जीएसटी आणि पीएफची नोंदणी, गाड्या-मशिन्स, अनामत रक्कम. दुसऱ्यात तुमचा दर. पहिला लिफाफा पास झाला तरच दुसरा उघडतो. दुसऱ्यात ज्याचा दर सगळ्यात कमी, तो 'एल-वन'. काम सहसा त्याला मिळतं.

पहिल्या लिफाफ्यात बाद होण्यासाठी फार काही लागत नाही. एखादं प्रमाणपत्र मुदत संपलेलं निघतं, कुणी शुद्धिपत्रक न वाचता जुन्याच अटींवर कागद जोडतो, कुणाची डिजिटल सही ऐन वेळी चालत नाही. अर्ज भरण्याआधी 'निविदापूर्व बैठक' होते. तिथे विचारलेल्या शंकांमुळे कित्येकदा अटी बदलतात. म्हणून मुरलेले कंत्राटदार बैठक चुकवत नाहीत आणि शेवटच्या दिवसापर्यंत शुद्धिपत्रकांवर नजर ठेवतात.

इथपर्यंत शिस्तीचं काम आहे. खरा प्रश्न दुसऱ्या लिफाफ्यात आहे.

'बिलो'ची किंमत कोण मोजतं?

कंत्राटदारांच्या भाषेत एक शब्द सारखा येतो, 'बिलो'. महापालिकेने कामाचा जो अंदाजित खर्च काढलेला असतो, त्यापेक्षा किती टक्के कमी दर भरला, ते बिलो. 'वीस टक्के बिलो टाकून काम घेतलं' हे अभिमानाने सांगितलं जातं.

आता गणित करू. समजा, एका शहरात २० गाड्यांनी कचरा उचलायचा आहे. प्रत्येक गाडीवर एक ड्रायव्हर आणि दोन मदतनीस, म्हणजे ६० माणसं. सुट्टी त्यांनाही हवी आणि कचरा तर रोज उचलायचा, म्हणजे बदली माणसं वेगळी. पगारावर पीएफचे १२ टक्के, ईएसआयचे सव्वातीन टक्के, बोनसचे किमान ८.३३ टक्के. त्यात गणवेश, हातमोजे, भरपगारी रजा. ही बेरीज पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास जाते. डिझेल आणि टायर पंपावरच्या, दुकानातल्या भावानेच मिळतात. तिथे बिलो चालत नाही.

मग वीस टक्के येतात कुठून? काही कंपन्या खरंच हुशार असतात. मार्ग नीट आखून फेऱ्या वाचवतात, गाड्या बंद पडू देत नाहीत. पण एवढ्याने वीस टक्के सुटणं अवघड. उरलेली भरपाई दोन ठिकाणी होऊ शकते: वजनात आणि माणसात.

पैसे टनावर मिळत असतील तर वजन वाढवण्याचा मोह होतोच. कचऱ्यात माती, डेब्रिज भरा, वजनकाट्यावर आकडा वाढतो. मुंबईत हा प्रकार उघड झाल्यावर २०१७ च्या सुमारास महापालिकेला कंत्राटदारांवर कारवाई करावी लागली. दुसरं म्हणजे हाताखालच्या माणसाचा पगार कापायचा, पीएफ भरायचाच नाही, तिघांच्या जागी दोघंच पाठवायचे. मुंबईच्या कचरा कामगारांची कंत्राटी पद्धतीविरुद्धची लढाई सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०१७ मध्ये सुमारे २ हजार ७०० जणांना कायम करण्याच्या बाजूने निकाल लागला. स्वस्तात उरकलेल्या कामाचं बिल असं उशिरा येतं, आणि तोवरची वर्षं त्या माणसांच्या आयुष्यातून गेलेली असतात.

टेंडर जे मागतं, तेच मिळतं

सगळा दोष कंत्राटदारावर टाकून मोकळं होता येत नाही. टेंडर लिहिणाऱ्याने काय मागितलं, तेही पाहावं लागतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असं वर्गीकरण सक्तीचं केलं. पण कंत्राटात पैसे फक्त टनावर ठेवले, तर वर्गीकरण करणाऱ्याचं नुकसान होतं. कारण जो कचरा जागच्या जागी जिरला किंवा रिसायकल झाला, तो काट्यावर येतच नाही!

इंदूर बघा. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. आपल्याकडे महापालिका कचरा घेणाऱ्याला पैसे देते. तिथे कंपनीच पालिकेला वर्षाला अडीच कोटी देते, असा करार आहे. जादू नाही, दोन गोष्टी आहेत. कचरा घरातूनच वेगळा होऊन येतो आणि तयार गॅसपैकी निम्मा शहर बससाठी घेण्याची हमी पालिकेने दिली आहे. माल चांगला आणि गिऱ्हाईक पक्कं असेल तर कुणीही विचार करून दर भरेल.

पुण्याने वेगळी वाट घेतली. कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने २००८ मध्ये पाच वर्षांचा करार केला. आज तिचे तीन हजारांहून जास्त सभासद आहेत, बहुतेक महिला. घरोघरचं शुल्क त्यांना मिळतं आणि सुका कचरा विकण्याचा हक्कही. मोठ्या उलाढालीची अट असलेल्या टेंडरमध्ये अशी संस्था पहिल्याच लिफाफ्यात बाद झाली असती. अट कुणाला बाहेर ठेवते, हे म्हणून बघायचं.

अर्थात 'एल-वन' पद्धत उगाच आलेली नाही. दर्जाला गुण द्यायचे म्हटलं की ते देणारा माणूस आला, आणि वशिलाही आला. आकडा निदान सगळ्यांना दिसतो. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने २०२१ मध्ये मधला रस्ता काढला: दर्जाला गुण द्या, पण ३० टक्क्यांपेक्षा जास्त वजन नको. कचऱ्यासारख्या कामात हा रस्ता वापरून बघायला हवा.

तुम्हाला यात काय?

एक तर करिअर. इंजिनीअरिंग, कॉमर्स, लॉ, एमएसडब्ल्यू, सगळ्यांना इथे काम आहे. चांगली निविदा म्हणजे आधी डेपोवर जाऊन कचरा बघणं, ओला किती आणि माती किती ते तपासणं, डिझेल आणि किमान वेतन वाढलं तर दर वाढेल का हे अटींमध्ये शोधणं, बिल तीन महिने अडकलं तर पगार कुठून देणार याची सोय करणं. कचऱ्यातून निघणारं इंधन सिमेंट कारखान्यांना जातं. पण आपल्याकडे हे कारखाने प्रामुख्याने चंद्रपूर, यवतमाळ, सोलापूरकडे आहेत. पुण्या-मुंबईहून तिथवरचं ट्रकभाडं धरलं नाही, तर जिंकलेलं कंत्राट तोट्यात जातं. मोठ्या टेंडरच्या अटी झेपत नसतील तर राज्य सरकारच्या स्टार्टअप वीकवर लक्ष ठेवा. त्यात निवडलेल्या स्टार्टअप्सना सरकारी खात्यांसोबत काम करण्यासाठी थेट कार्यादेश मिळतात.

दुसरं म्हणजे हे शहर तुमचं आहे. 'महाटेंडर्स' पोर्टलवर सूचना आणि अटींचे कागद कुणालाही बघता येतात. तुमच्या पालिकेचं कचऱ्याचं एखादं टेंडर उघडा आणि तीनच गोष्टी शोधा. पैसे कशावर मिळणार, वजनावर की वर्गीकरणावर? बिल काढण्याआधी कामगारांच्या पीएफची पावती मागितली आहे का? काम नीट झालं नाही तर दंड किती? उत्तरं सापडली नाहीत तर ते नगरसेवकाला विचारा, आमच्यासारख्या पत्रकारांना विचारा. मात्र कार्यादेश निघण्याआधी विचारा. एकदा सात वर्षांचं कंत्राट सही झालं, की तुमचं ग्रॅज्युएशन होऊन नोकरी लागेपर्यंत तेच चालू राहतं.