अंदाजाचा हप्ता, हक्काचा हिशेब

ब्रिटनमधील एखाद्या कुटुंबाला वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपनीचे पत्र येते. भाषा सौजन्याची, मजकूर चार ओळींचा. आपल्या खात्याचा आढावा घेतला असून येत्या महिन्यापासून आपला हप्ता १२६ पौंडांवरून १६५ पौंडांवर जाईल. रक्कम नेहमीप्रमाणे बँकेतून परस्पर वळती करून घेतली जाईल. आपणांस काहीही करावयाचे नाही, असा त्याचा आशय असतो. घरातील मंडळींनी दिवे अधिक जाळलेले नसतात, खोल्या अधिक उबवलेल्या नसतात, दरही बदललेले नसतात, आणि खात्यावर येणे तर नाहीच, उलट थोडी शिल्लक असते. तरीही हप्ता वाढतो, आणि तो का वाढला एवढेच काय ते पत्रात नसते. ‘आपणांस काहीही करावयाचे नाही’ या शेवटच्या वाक्यातच सगळ्या तंट्याचे मूळ आहे, असे आम्हांस वाटते. कारण ग्राहकाने करावयाचे असे एक काम निश्चितच आहे, आणि ते म्हणजे हिशेब मागणे.

ही पद्धत आधी नीट समजून घेतली पाहिजे. ‘डायरेक्ट डेबिट’ म्हणजे ग्राहकाने बँकेला एकदा द्यावयाची परवानगी. त्यानंतर किती रक्कम घ्यावयाची हे पुरवठादाराने ठरवावयाचे. थंड देशात गॅसचा खर्च बाराही महिने सारखा नसतो. जानेवारीत तो डोईजड होतो, जुलैत नगण्य असतो. म्हणून वर्षाच्या खर्चाचा अंदाज बांधून त्याचे बारा समान भाग केले जातात. उन्हाळ्यात खात्यावर शिल्लक साठते आणि हिवाळ्यात ती खर्ची पडते. व्यवस्था मुळात सोयीची आहे. तिच्यामुळे मध्यमवर्गीय घराला थंडीतील बिलाचा धसका घ्यावा लागत नाही. परंतु यातून एक गोष्ट उघड होते, आणि ती बहुधा कोणी बोलून दाखवत नाही. हप्ता म्हणजे किंमत नव्हे, हप्ता म्हणजे अंदाज होय. दरावर सरकारी नियामकाचे बंधन असते. अंदाज मात्र कंपनी आपल्या दप्तरात बसून करते. तो अंदाज गरजेपेक्षा जास्त धरला गेला, तर ग्राहकाने कंपनीला दिलेले ते एक कर्ज ठरते, आणि असे कर्ज की ज्यावर व्याज देण्याचे बंधन कंपनीवर नाही. कर्ज देणाऱ्याने हिशेब मागू नये, हा कोठला न्याय?

ही भीती काल्पनिक नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स येथील ऊर्जाबाजारावर देखरेख करणाऱ्या ‘ऑफजेम’ या नियामक संस्थेने २०२२ च्या उन्हाळ्यात या हप्त्यांची तपासणी केली. त्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बदलत्या दराच्या योजनेतील ७० लाखांहून अधिक ग्राहकांचे हप्ते वाढले होते, आणि ही वाढ सरासरी ६२ टक्के होती. आता न्यायाने बोलावयाचे तर ही सरासरी पाहूनच कंपन्यांना दोषी ठरवणे योग्य होणार नाही. एप्रिल २०२२ मध्ये नियामकाने ठरवलेली दराची मर्यादाच सामान्य घरासाठी वर्षाला १,२७७ पौंडांवरून १,९७१ पौंडांवर, म्हणजे ५४ टक्क्यांनी, गेली होती. रशियाने युक्रेनवर आक्रमण करण्यापूर्वीच गॅसचे भाव भडकू लागले होते. परंतु त्याच तपासणीत असेही आढळले की, पाच लाखांहून अधिक ग्राहकांचे हप्ते दुपटीहून जास्त वाढले होते. दर दीडपट आणि हप्ता दुपटीच्या वर, याचा मेळ प्रत्येक घरी बसणे कठीण आहे. कोठे जुनी बाकी असेल, कोठे वापर वाढला असेल, पण सगळीकडे? नियामकाने अशा खात्यांची फेरतपासणी करण्यास कंपन्यांना सांगितले. काही कंपन्यांकडे तर हप्ता कसा ठरवावा याची धड लेखी रीतही नसल्याचे निष्पन्न झाले. ज्याच्या हाती दुसऱ्याच्या तिजोरीची किल्ली आहे, त्याच्यापाशी मोजमापाची रीतसुद्धा नसावी, याला काय म्हणावे?

कंपन्यांच्या बाजूने जे सांगितले जाते तेही ऐकून घेऊ. हप्ता कमी ठेवला तर हिवाळ्याच्या अखेरीस ग्राहकाच्या डोक्यावर कर्ज चढते आणि ते बुडाले तर कंपनी अडचणीत येते, असे त्यांचे म्हणणे आहे. यात तथ्य आहे. २०२१ च्या मध्यापासून वर्षभरात त्या देशातील सुमारे तीस पुरवठादार कंपन्या बुडाल्या. परंतु या प्रकरणाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. बुडालेल्या अनेक कंपन्यांनी स्वतःचे भांडवल फारसे घातलेलेच नव्हते; ग्राहकांनी आगाऊ भरलेल्या शिलकीवर त्यांचा व्यवहार चालला होता. ग्राहकांची शिल्लक बुडू दिली गेली नाही हे खरे, पण ती भरून काढली कोणी? सर्व ग्राहकांनीच, आपापल्या बिलांतून. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये या पडझडीचा ग्राहकांवरील भार सुमारे २७० कोटी पौंड, म्हणजे दर घरामागे सुमारे ९४ पौंड, असल्याचे सांगितले. ही धोक्याची घंटा आधीच वाजली होती. ग्राहकांची सुमारे १४० कोटी पौंडांची जादा शिल्लक कंपन्यांकडे पडून असल्याचे मार्च २०२१ मध्येच सांगून नियामकाने ती दरवर्षी आपोआप परत करण्याची सूचना मांडली होती. ती सूचना अमलात आली नाही. पुढे कंपन्यांनी स्वतःचे पुरेसे भांडवल राखावे, असे नियम झाले. घर जळाल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार. तरी विहीर खणली गेली, हेही नसे थोडके.

मग वाढ न्याय्य कोणती आणि अन्याय्य कोणती? याला कसोटी आहे, आणि ती शाळकरी अंकगणिताची आहे. समजा, एका घरात वर्षाला २,४०० युनिट वीज २५ पेन्स दराने आणि १०,००० युनिट गॅस ६ पेन्स दराने लागतो. म्हणजे ६०० आणि ६०० मिळून १,२०० पौंड झाले. दोन्हींचा मिळून स्थिर आकार दिवसाला ८५ पेन्स धरला, तर वर्षाचे सुमारे ३१० पौंड. एकूण १,५१० पौंड, महिन्याला १२६ पौंड. त्यात हिवाळा संपल्यावरही खात्यावर १८० पौंड शिल्लक असेल, तर पुढील वर्षासाठी खरी गरज महिन्याला १११ पौंडांचीच उरते. अशा घराकडे १६५ पौंड मागितले, तर वर्षअखेर कंपनीपाशी त्या घराचे सुमारे ६५० पौंड साठतील. ही रक्कम कशासाठी? उत्तर द्यावयाचे ते कंपनीने. मात्र ग्राहकानेही एक पथ्य पाळले पाहिजे. मीटरचे खरे रीडिंग त्याने वेळेवर कळवले पाहिजे, कारण अंदाजी रीडिंगवर उभारलेला हिशेब म्हणजे वाळूवरचा वाडा होय. आणि शिलकीचा विचार करताना ऋतू विसरता कामा नये. ऑक्टोबरमधील शिल्लक ही थंडीची तरतूद असते; एप्रिलमधील शिल्लक मात्र बहुधा जादाच असते.

या बाबतीत कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. पुरवठादाराच्या परवान्यातील अटीच सांगतात की, ठरीव हप्ता हा उपलब्ध असलेल्या उत्तम आणि ताज्या माहितीवर आधारलेला असला पाहिजे. तो कसा काढला याचे स्पष्टीकरण समजेल अशा सोप्या भाषेत दिले पाहिजे. आणि ग्राहकाने मागितल्यास, न देण्याला रास्त कारण नसेल तर, जमा शिल्लक वेळेवर परत केली पाहिजे. बँकांच्या हमीप्रमाणे रक्कम बदलण्यापूर्वी ग्राहकाला आगाऊ सूचना मिळावयास हवी. तेव्हा मार्ग असा की, पत्र आल्याबरोबर लेखी हिशेब मागावा. आपले रीडिंग, आपला वार्षिक वापर आणि आपले गणित सोबत जोडावे. रास्त वाटणारा हप्ता स्वतः सुचवावा. आणि समाधान न झाल्यास तीच गोष्ट ‘तक्रार’ या शब्दानिशी नोंदवावी. ठरलेल्या मुदतीत निकाल लागला नाही, आणि ही मुदत दीर्घकाळ आठ आठवड्यांची राहिलेली आहे, तर ऊर्जा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. त्याचा निर्णय ग्राहकाने मान्य केला की तो कंपनीवर बंधनकारक ठरतो.

संतापाच्या भरात बँकेला सांगून परवानगीच रद्द करणे, हा दुसरा मार्ग काहींना आकर्षक वाटतो. तसे करण्याचा अधिकार ग्राहकाला आहेच. परंतु बिल आल्यावर पैसे भरणाऱ्यांना तेथे दर अधिक पडतो, आणि देय रक्कम थकली तर कर्जाचा ठपका बसतो. २०२२ मध्ये दहा लाख लोकांनी एकाच दिवशी, १ ऑक्टोबरला, हप्ते थांबवावेत अशी एक चळवळ त्या देशात उभी राहिली होती. साराबंदीचा इतिहास ज्या देशाने घडवला, त्या देशातील वाचकांस या कल्पनेचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तथापि दहा लाखांचा संकल्प पूर्ण झाला नाही, आणि सरकारने दरांना आवर घातल्यावर तिचा जोर ओसरला. सामुदायिक असहकार हे मोठ्या लढ्याचे हत्यार आहे. एका खात्यावरील चुकलेल्या बेरजेवर कागद, पेन्सिल आणि चिकाटी हीच हत्यारे अधिक गुणकारी होत.

सातासमुद्रापलीकडील या हप्त्यांची उठाठेव आम्ही का करावी, असे कोणी विचारील. पहिले कारण, ही पत्रे ज्या घरांत जातात त्यांत पुण्या-मुंबईहून गेलेल्या आपल्या मुलामुलींची घरेही आहेत. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. २०२० च्या टाळेबंदीत मीटर वाचणारा माणूस घरोघरी येणे थांबले, सरासरीवर देयके निघाली, आणि जूनमध्ये एकदम आलेल्या मोठ्या आकड्यांनी महाराष्ट्रातील घरेघरे हादरली, हे कोणी विसरलेले नाही. त्या आकड्यांत साचलेला खरा वापरही होता. परंतु हिशेब उलगडून सांगण्याआधी मागणी दारात आली, आणि म्हणूनच विश्वास उडाला. एका गोष्टीत मात्र आपला कायदा पुढे आहे. ग्राहकाच्या अनामत रकमेवर निदान बँक-दराइतके व्याज द्यावे, असे २००३ चा विद्युत कायदा सांगतो. दुसऱ्याचा पैसा आपल्यापाशी ठेवणाऱ्याने त्याचे मोल द्यावे, हे तत्त्व आपण मान्य केलेले आहे. आपल्याकडेही खात्यातून परस्पर रक्कम वळती करण्याची पद्धत आता घरोघर रुजत आहे. तेव्हा या प्रश्नाकडे परक्याचे भांडण म्हणून पाहणे शहाणपणाचे ठरणार नाही.

आमच्या मते सुधारणा तीन हव्यात. हप्ता वाढवण्याच्या प्रत्येक पत्रात त्याचे गणित ओळीने छापलेले असावे. थंडीनंतर उरलेली जादा शिल्लक मागितल्याशिवाय परत मिळावी. आणि ग्राहकाने मुदतीत हरकत घेतली तर तिचा निकाल लागेपर्यंत जुनाच हप्ता चालू राहावा. आज आधी पैसे जातात आणि मग वाद होतो. वादाचा भार ज्याचे पैसे गेले त्याच्यावर पडावा, ही उलटी गंगा आहे.

कोऱ्या कागदावरील अंगठ्याने काय होते, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरावर चाल केली ती प्रामुख्याने कर्जरोखे नष्ट करण्यासाठी. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना रोख्यावरील आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहाराचा हिशेब पाहण्याचा अधिकार दिला, आणि कुळाला पावती व खात्याचा उतारा मागण्याचा हक्क दिला. आजचा पुरवठादार म्हणजे तो सावकार नव्हे, आणि लंडनमधील पगारदार म्हणजे ते नाडलेले कूळ नव्हे, हे आम्ही जाणतो. पण तत्त्व एकच आहे. एकदा दिलेली सही म्हणजे कायमची मुकी संमती नव्हे. जो दुसऱ्याच्या खात्यात हात घालतो, त्याने आकड्यामागचे गणित दाखवले पाहिजे. आणि ज्याचे खाते आहे, त्याने ते मागण्यात संकोच बाळगता कामा नये.