आधी विचार, मग इसार



बैलबाजारात गेलेला शेतकरी कधी घाई करीत नाही. तो आधी लांबूनच बैलाची चाल बघतो. मग जवळ जाऊन दात मोजतो, खुरे उचलून पाहतो, वशिंडावरून हात फिरवतो, चार पावले चालवून घेतो. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो तो त्यानंतर. आणि भाव ठरला तरी हातावर टेकवतो तो इसार. बाकीची रक्कम दावे हातात आल्यावर. पण हाच शेतकरी डॉक्टरच्या दारात गेला की ही सगळी रीत वहाणांबरोबर बाहेर काढून ठेवतो. डॉक्टर म्हणजे देव, आणि देवाला प्रश्न कसे विचारायचे, अशी आपली समजूत.

हे आठवायला कारण घडले एका पत्राचे. सांगली जिल्ह्यातल्या एका माउलीने ते लिहिले आहे. त्यांचा धाकटा मुलगा आखातात वायरमन आहे. वय २९. घरची पाच एकर बागाईत, मुलगा निर्व्यसनी. पण डोक्यावरचे केस विरळ झाले म्हणून तीन स्थळे मोडली. आता त्याने तुर्कस्तानातल्या इस्तंबूल शहरी जाऊन केसरोपण करून घ्यायचे मनावर घेतले आहे. एका एजंटाने फोनवरच सगळे जुळवून दिले. विमानतळावरून ने-आण, हॉटेल, शस्त्रक्रिया, औषधे, सगळे मिळून अडीच लाख रुपये. मात्र आठ दिवसांत पूर्ण रक्कम भरली तरच हा भाव. मुलाने कळवले आहे, की उसाचे बिल आले की पैसे पाठवा. बाई विचारतात, "पाठवू का?"

प्रथम एक सांगतो. या मुलाला हसू नये. मुली बघायला जाणारा शेतकऱ्याचा मुलगा आज किती ठिकाणी नकार ऐकून परत येतो, हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. अशा वेळी आरशात बघून त्याला वाईट वाटले, तर तो काही गुन्हा नव्हे. रूप सुधारून घ्यावेसे वाटणे जुनेच आहे. विचार करायचा आहे तो कोणाच्या हाती आपले डोके द्यायचे आणि पैसे कधी मोजायचे, एवढाच.

केसरोपण म्हणजे काय, ते भात लावणाऱ्याला चटकन समजेल. आपण तरव्यातली रोपे उपटून खाचरात लावतो, तसेच हे. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस सहसा गळत नाहीत. ते मुळासकट काढून पुढे टक्कल पडलेल्या जागी एकेक करून लावतात. नवा केस एकही तयार होत नाही. मागचा तरवा संपला की संपला, तो पुन्हा उगवत नाही. म्हणूनच अडाण्याने तो एकदा ओरबाडला, तर पुढे कितीही चांगला डॉक्टर मिळाला तरी त्याच्या हाती रोपच उरत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक गळून पडतात. तीन-चार महिन्यांनी ते पुन्हा फुटू लागतात आणि काम कसे झाले ते साधारण वर्षाने कळते. म्हणजे पीक हाती आले की बुडाले हे समजायला एक वर्ष, आणि तोवर लावणी करणारा हजारो मैल दूर. शिवाय तरुण वयात टक्कल पुढे सरकतच असते. लावलेले केस राहतात आणि त्यांच्या मागचे मूळचे गळतात. मग कपाळावर केसांचे बेट आणि मागे मोकळे रान, अशी गत होते. म्हणून जाणता डॉक्टर पुष्कळदा अशा मुलाला सांगतो, "थोडा थांब. आधी औषध घेऊन बघू."

आता परदेशाविषयी. परदेशचे डॉक्टर वाईट आणि आपले चांगले, असे मुळीच नाही. तुर्कस्तानात निष्णात शल्यचिकित्सक आहेत, आणि आपल्या मुंबई-चेन्नईलाही बाहेरचे रोगी उपचारांसाठी येतातच. पण जिथे गिऱ्हाइकांचा लोंढा जातो तिथे दलालांचाही बाजार भरतो. पाटीवर डॉक्टरचे नाव, आणि प्रत्यक्ष केस काढणारे नि लावणारे हात कोणा शिकाऊ माणसाचे, असा प्रकार पुष्कळ चालतो. केसरोपण करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेलाच अशा दुकानांविरुद्ध मोहीम काढावी लागली. आपल्या देशातही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ साली बजावावे लागले, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून कोणी हे काम करण्याइतका तयार होत नाही.

केसांचे सोडा, चरबी काढणे, पोट आवळून घेणे या शस्त्रक्रिया तर अधिक जोखमीच्या. नायजेरियाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी स्टेला ओबासान्जो २००५ साली स्पेनमधल्या मार्बेया इथे चरबी काढून घ्यायला गेल्या. नळी भलत्याच जागी, पोटाच्या पोकळीत शिरली. आतडे आणि यकृत यांना इजा झाली आणि दोन दिवसांत त्या गेल्या. वय ५९. पुढे २००९ साली तिथल्या न्यायालयाने त्या डॉक्टरला निष्काळजीपणाबद्दल एक वर्षाची कैद सांगितली आणि तीन वर्षे डॉक्टरकी करायला बंदी घातली. राष्ट्राध्यक्षाच्या घरचा पैसा आणि वजन जिथे उपयोगी पडले नाही, तिथे आपले काय?

अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने केलेली मोजदादही बोलकी आहे. २००९ ते २०२२ या काळात डॉमिनिकन रिपब्लिक या देशात रूप सुधारायच्या शस्त्रक्रिया करून घेतलेले ९३ अमेरिकन नागरिक दगावले. त्यांत बहुतेक स्त्रिया. ज्या मृत्यूंचा तपशील तपासला, त्यांपैकी बहुतेकांत फुप्फुसात चरबी शिरली होती किंवा रक्ताची गुठळी अडकली होती. २०२३ साली मेक्सिकोतल्या मातामोरोस शहरी अशाच शस्त्रक्रियांसाठी काही जणांना पाठीच्या कण्यात भुलीचे इंजेक्शन दिले गेले. त्यातून मेंदूच्या आवरणाला बुरशीची लागण झाली. माणसे घरी परतली, आणि पुढे आठवड्या-आठवड्यांनी डोकेदुखी सुरू झाली. त्यांतले काही वाचले नाहीत. म्हणजे संकट कधी टेबलावरच येते, तर कधी घरी पोचल्यावर. जखम ओली असताना लांबचा विमानप्रवास हादेखील गुठळीला आमंत्रण. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सांगते, की चरबी काढल्यावर पाच ते सात दिवस आणि पोट आवळून घेतल्यावर सात ते दहा दिवस विमानात बसू नये. एजंटाच्या तीन दिवसांच्या सहलीत हे कुठे बसते?

आता पैशांकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. आगाऊ रक्कम मागणे हे सरसकट लबाडीचे लक्षण नव्हे. डॉक्टरला शस्त्रक्रियागृह राखून ठेवावे लागते, माणसे बोलवावी लागतात. ऐनवेळी रोगी आला नाही तर त्याचे नुकसान. आपणही मांडववाल्याला, वाजंत्रीवाल्याला बयाणा देतोच. पण बयाणा वेगळा आणि पूर्ण रक्कम वेगळी.

पूर्ण पैसे गेले की काय होते ते पाहा. मुलगा परक्या मुलखात उतरतो. भाषा येत नाही. सांगितलेले डॉक्टर दिसत नाहीत, दुसराच कोणी येतो. जागा स्वच्छ वाटत नाही. मन म्हणते, परत फिर. पण लगेच दुसरे मन म्हणते, अडीच लाख गेले ना! आईने उसाचे बिल मोडून दिलेले! आणि तो निमूटपणे टेबलावर आडवा होतो. जिवाची भीती एकीकडे आणि भरलेले पैसे एकीकडे, यात आपल्यासारखी काटकसरीची माणसे हटकून पैशांच्या बाजूने कौल देतात. मोकळ्या हाताने गेला असता, तर तो उठून चालू लागला असता.

तीच गोष्ट पलीकडच्या बाजूची. चांगल्या डॉक्टरची एक खूण म्हणजे तो कधीकधी 'नको' म्हणतो. रक्तदाब वाढलेला आहे, साखर जास्त आहे, हृदयाची तक्रार आहे, वय लहान आहे, मागचे केस पुरेसे नाहीत, अशी नाना कारणे असतात. केसरोपणात टाळूत भुलीची बरीच इंजेक्शने देतात आणि काम सात-आठ तास चालते, तेव्हा या तपासण्या हव्याच. पण तपासण्याच्या आधीच ज्याच्या खिशात सगळे पैसे पडले, त्याला 'नको' म्हणणे महागात पडते. दलालाला तर 'नको' या शब्दाची दलाली मिळतच नाही. फोनवर फोटो बघून 'होईल' म्हणणारा पुष्कळदा डॉक्टर नसतोच.

रूप सुधारायची विद्या आपल्याला परकी नाही. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी मुलखातला माणूस टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याकडच्या एका जाणकाराने, विटा करणाऱ्या समाजातल्या, कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकावर बसवून आधी माप घेतले आणि मगच पाते चालवले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे समक्ष पाहिले. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली, आणि ती वाचूनच १८१४ साली तिथल्या कार्प्यू नावाच्या शल्यचिकित्सकाने हा प्रयोग केला. त्या हकीकतीतली एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नाक जडल्यावर कपाळाशी राखलेला कातडीचा दुवा सुमारे पंचवीस दिवसांनी कापला जाई. तोवर त्या जाणकाराचे आणि रोग्याचे नाते तुटत नसे.

आता फसगत झाली तर दाद कुठे मागायची? आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालामुळे पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्याखाली येतो. ग्राहक आयोगाकडे जाता येते, वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. परदेशातला डॉक्टर आपल्या परिषदेच्या यादीत नसतो. तिथला वकील, तिथली भाषा, तिथल्या तारखा, हे शेतकरी घराला झेपणारे नाही. आरोग्य विम्याचाही आधार नाही, कारण आपल्याकडच्या पॉलिसीत केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च सहसा मिळत नाही. भाजणे, अपघात, कर्करोग यांनंतरची दुरुस्ती मात्र वेगळी धरतात. आणि एजंट म्हणाला, "इथे रोख द्या, तिकडे पोचतील," तर तिथेच रामराम करा. त्याला हवाला म्हणतात. त्याची ना पावती, ना दाद. परदेशी पैसे पाठवायचे ते बँकेतूनच, रुग्णालयाच्या नावे.

म्हणून त्या माउलींना माझे सांगणे असे. मुलाला 'नाही' म्हणू नका, 'थांब' म्हणा. आधी सुट्टीत घरी आल्यावर त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. केस का गळतात ते कळू द्या. कदाचित औषधावर भागेल. रोपणच करायचे ठरले, तर पुण्या-मुंबईतही होते, आणि वर्षभर एसटीने जाऊन दाखवता येते. तरीही इस्तंबूललाच जायचे असेल, तर पैसे पाठवण्याआधी चार गोष्टी लेखी मागवा.

शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार, त्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक काय? केस काढण्याचे आणि लावण्याचे काम कोणाच्या हातचे? घरी आल्यावर जखम चिघळली तर कोण बघणार आणि खर्च कोणाचा? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्यक्ष तपासून डॉक्टरच 'नको' म्हणाले, किंवा ऐनवेळी आमच्याच मुलाचे मन फिरले, तर किती पैसे किती दिवसांत परत?

या शेवटच्या प्रश्नाला जो टाळाटाळ करील, त्याला एक पैही देऊ नका, मग सवलत बुडाली तरी चालेल. जो सरळ कागदावर लिहून देईल, त्याला जमेल तेवढा इसार द्या आणि बाकीची रक्कम तपासणी झाल्यावर.

जाता जाता एक शब्द मुलींच्या आईबापांसाठीही. स्थळ बघायला जाता तेव्हा जमीन बघा, घर बघा, मुलाचा स्वभाव आणि संगत बघा. विरळ केसांवरून कष्टाळू मुलाला परत पाठवू नका. तुमच्या त्या एका नकारापायी एखाद्या घरचे वर्षाचे उसाचे बिल परमुलखातल्या दलालाच्या घशात जाते, आणि कधी त्या घरचा मुलगाही धोक्यात पडतो.