फोटोचे सॉफ्टवेअर घेताना आधी काम पाहा, मग किंमत

मुलगा किंवा मुलगी बारावी होते, हाताला काम नसते, आणि कोणीतरी सांगते की फोटोचे काम शिकून घे, चार पैसे मिळतील. सल्ला वाईट नाही. लग्नाचा अल्बम, जयंतीचा फ्लेक्स, पुण्यानुमोदनासाठी मोठा करून हवा असलेला आजोबांचा फोटो, नोकरीच्या अर्जासाठी पासपोर्ट आकाराच्या प्रती, ही कामे आपल्या वस्त्यांत बारा महिने निघतात. अडचण पुढे येते. भिशीचे किंवा बचत गटाचे पैसे उचलून भारी संगणक आणला जातो, महागड्या सॉफ्टवेअरची वर्गणी भरली जाते, आणि सहा महिन्यांनी कळते की त्यातल्या शंभर सोयींपैकी पाचच वापरल्या. हप्ता मात्र चालूच राहतो. धुणीभांडी करून, नाक्यावर उभे राहून साठवलेला पैसा असा जाऊ नये, म्हणून आज आम्ही या विषयावर लिहीत आहोत.

वाचक बंधू-भगिनींनो, दुकानदाराला 'सगळ्यात चांगले सॉफ्टवेअर कोणते?' असे विचारू नका. तो सगळ्यात महाग तेच सांगेल. आधी घरात बसून तीन प्रश्नांची उत्तरे काढा. काम नेमके कोणते करायचे आहे? हात किती बसला आहे? आणि दरमहा किती पैसे घरखर्चाला धक्का न लावता बाजूला काढता येतील?

पहिली पायरी घरच्या कामाची. फोटो सरळ करणे, कापणे, उजळ करणे, कोपऱ्यातला नको असलेला डाग काढणे, एवढ्यासाठी संगणकाचीही गरज नाही. गुगलचे स्नॅपसीड हे मोबाईलवर फुकट मिळते आणि ही सारी कामे नीट करते.

अर्जाचे फोटो ही दुसरी गोष्ट. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी मागतात. फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि सही १४० बाय ६० पिक्सेल असावी, असेही सांगतात. पुष्कळ मुले शेवटच्या दिवशी यातच अडकतात आणि सायबरवाल्याला पैसे मोजतात. या कामासाठी फोटोपी चांगले. इंग्रजीत फोटो या शब्दाला पी, ई, ए ही तीन अक्षरे जोडली की त्याचे नाव होते. ते संगणकात बसवावे लागत नाही, इंटरनेटच्या खिडकीतच चालते. बाजूला जाहिराती दिसतात, पण पैसे पडत नाहीत, आणि आपला फोटो आपल्याच संगणकात राहतो. जेपीजी काढताना गुणवत्तेची पट्टी सरकवली की फाईल किती केबीची होणार हे समोर दिसते. ५० च्या आत आली की थांबावे.

दुसरी पायरी शिकणाऱ्याची. येथे लेअर समजून घ्यावे लागतात. लेअर म्हणजे थर. काचेवर काच ठेवावी तसा एक थर फोटोचा, एक अक्षरांचा, एक रंगाचा. एक थर बदलला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. हे शिकण्यासाठी गिम्प हे सॉफ्टवेअर आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केले. तेव्हापासून ते सर्वांसाठी मोफत आणि खुले आहे. धंद्यासाठी वापरले तरी कोणी पैसे मागत नाही. मार्च २०२५ मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली, आणि आता त्यात केलेले बरेच बदल मूळ फोटो न बिघडवता मागाहून फिरवता येतात. सुरुवातीला त्याची मांडणी अवघड वाटते. महिनाभर रोज तासभर दिला की हात बसतो.

याच पायरीवर आता अफिनिटीही आहे. सेरिफ या ब्रिटिश कंपनीचे हे सॉफ्टवेअर पूर्वी विकत घ्यावे लागत असे. २०२४ मध्ये कॅन्व्हाने ती कंपनी घेतली आणि २०२५ पासून कॅन्व्हाचे खाते उघडणाऱ्याला ते फुकट मिळते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काही सोयींचे तेवढे पैसे पडतात. त्या नसल्या तरी काम अडत नाही.

तिसरी पायरी धंद्याची, आणि येथे फोटोशॉपचे नाव निघते. टॉमस आणि जॉन नोल या दोन भावांनी बनवलेले हे सॉफ्टवेअर १९९० मध्ये बाजारात आले, आणि आज स्टुडिओंत त्याचेच नाव चालते. पूर्वी ते एकदा विकत घेतले की आपले होत असे. २०१३ पासून कंपनीने वर्गणीची पद्धत आणली. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर थांबते. शिवाय वर्षाचा करार करून दरमहा पैसे भरण्याची योजना घेतली आणि मध्येच सोडली, तर रद्द करण्याचे शुल्क लागू शकते. म्हणून महिन्याचा आकडा ऐकून हुरळू नका. त्याला बाराने गुणा आणि मग ठरवा. संगणकाचाही विचार करा. फोटोशॉपला कमीत कमी ८ जीबी रॅम लागते, १६ असेल तर बरे. स्टुडिओत नोकरी मिळाली आणि तिथे फोटोशॉपच आहे, तर ते मालकाच्या संगणकावर शिका. घरच्या सरावाला फोटोपी पुरते, कारण त्याची मांडणी फोटोशॉपसारखीच आहे आणि फोटोशॉपच्या फाईलीही त्यात उघडतात.

आता एक कटू गोष्ट. गल्लीतला मित्र सांगतो, 'वर्गणी कशाला भरतोस, माझ्याकडे पेन ड्राइव्हवर आहे.' हे चोरीचे सॉफ्टवेअर. त्यासोबत अनेकदा व्हायरस येतो आणि गिऱ्हाइकांचे फोटो, बँकेचे पासवर्ड धोक्यात येतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही तुरुंगवास आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. चांगली मोफत साधने उपलब्ध असताना आपल्या मुलाने हा डाग का लावून घ्यावा?

सॉफ्टवेअर पक्के करण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. त्यात 'सिद्धार्थ' आणि 'विद्यार्थ्यांना' हे दोन शब्द मराठी युनिकोड टंकात लिहून पाहा. वेलांटी जागेवर बसते का, रफार नीट येतो का, जोडाक्षर तुटते का? गिम्पमध्ये ही अक्षरे बरोबर येतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये अक्षरांच्या सेटिंगमध्ये जाऊन भारतीय लिपींना चालणारी मांडणी निवडावी लागत असे. मोडकी अक्षरे छापून आली तर फ्लेक्स वाया जातो आणि आपले नावही.

जुन्या फोटोच्या कामात जास्त सांभाळावे लागते. आपल्या अनेक घरांत आजी-आजोबांचा एकच फोटो असतो, तोही ओल लागलेला, घडी पडलेला. तो मोबाईलने टिपण्यापेक्षा ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. मग दोन बाय तीन इंचाचा फोटोही चार बाय सहा इंचाचा स्वच्छ छापता येतो. स्कॅनची मूळ फाईल कधीही बदलू नका, तिच्या नकलेवर काम करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली की ती लहान होते. घडीची रेघ, डाग हे शेजारचा भाग उचलून हाताने भरा. एका बटणात जुना फोटो नवा करून देणारी साधने आता निघाली आहेत. ती जे दिसत नाही ते अंदाजाने भरतात. फोटो चकचकीत होतो, पण डोळे, ओठ, हनुवटी दुसऱ्याच कोणाची होऊन बसते. एकुलत्या एका फोटोतला चेहराच बदलला, तर नातवंडांनी आजोबा म्हणून कोणाला ओळखायचे?

तीच गोष्ट गोरे करण्याची. चेहरा उजळ करा, पण रंग बदलू नका. उन्हात राबलेल्या आईचा रंग हा काही फोटोतला दोष नव्हे. अर्जाच्या फोटोत तर चेहऱ्याला हातच लावू नये, परीक्षेच्या दारावर तो जुळला पाहिजे.

खर्चाचा क्रम आम्ही असा सांगू. पहिले तीन महिने सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालू नका. स्नॅपसीड, फोटोपी आणि गिम्प यांवर हात बसवा. घरचेच फोटो घेऊन सराव करा. चार बाय सहा इंचाच्या एका कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ पासपोर्ट फोटो बसतात. ते मांडायला शिका आणि जवळच्या लॅबमधून छापून आणा. मिळकत सुरू झाली की आधी चांगला स्कॅनर घ्या, मग छपाईचे यंत्र. वर्गणीचे सॉफ्टवेअर तेव्हाच घ्या, जेव्हा गिऱ्हाईक किंवा मालक त्याच फाईली मागतो आणि महिन्याच्या कामातून ती वर्गणी निघते.

आई-वडिलांनाही आमचे एक सांगणे आहे. मुलीने हे काम शिकायचे म्हटले तर तिला आडकाठी करू नका. हे घरात बसून करता येते आणि स्वतःच्या नावाने करता येते. तिच्या हाती आधी जुना संगणक आणि रोजचा एक तास द्या. महागडे यंत्र मागाहून तिच्या कमाईतून येईल.