मला फरिश्ता म्हणू नका

दरवर्षी १२ मे आला की माझा मोबाईल भरून जातो. जागतिक परिचारिका दिन. ‘सफेद कपड्यातले फरिश्ते’, ‘सलाम सिस्टर’. गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातल्या एका भाईने अंजली कुलथे यांचा फोटो स्टेटसला ठेवला. बरं वाटलं. पण याच भाईच्या घरून माझ्या धाकट्या बहिणीला आलेला रिश्ता मागे गेला होता. कारण काय, तर मुलगी नर्सिंग करते, नाईट ड्युटी असते.

मी आठ वर्षं सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत काम करते. म्हणून दोन-चार गोष्टी सांगते. कडू वाटल्या तरी ऐका.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलथे सिस्टर मुंबईच्या कामा रुग्णालयात ड्युटीवर होत्या. दहशतवादी आवारात शिरले, दोन पहारेकरी मारले गेले. सिस्टरनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना पॅन्ट्रीत हलवलं, दारं लावली, दिवे मालवले. एकीला कळा सुरू झाल्या, तिला तशा गोळीबारात प्रसूतिगृहात पोहोचवलं. पुढे कसाबला ओळखलं आणि युनिफॉर्म घालून कोर्टात साक्ष दिली. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर त्या व्हिडिओवरून बोलल्या. यात करामत कुठे आहे? पेशंट माझ्या ताब्यात आहे, तो सुरक्षित राहिला पाहिजे, हे शिकलेल्या आणि त्यावर ठाम राहिलेल्या बाईचं हे काम आहे. ती त्या रात्री नाईटला होती म्हणून वीस बाया वाचल्या. ‘चांगल्या घरच्या मुली नाईट करत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा.

काहीजण मध्ये दीन आणतात. परक्या मर्दांना हात लावावा लागतो म्हणतात. त्यांनी रुफैदा अल्-अस्लमिया यांचं नाव ऐकलेलं नाही का? खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज यांना त्यांच्याच तंबूत ठेवलं होतं, आणि तो तंबू होता मस्जिद-ए-नबवीच्या आवारात. म्हणजे अडचण दीनची नाही. डॉक्टर सून मिळाली तर तिची नाईट चालते, तिने पुरुष पेशंट तपासलेलाही चालतो. न चालणारी गोष्ट वेगळीच आहे : बेडपॅन. दुसऱ्याची उलटी, दुसऱ्याचं रक्त पुसणं आपल्याला हलकं वाटतं. जातीच्या उतरंडीवर आपण तावातावाने बोलतो, आणि घरात हेच जपतो.

आता दुसरी बाजू. माझं ज्या रात्रीसाठी कौतुक झालं, ती सांगते. रमजानचा महिना होता. अपघातातले एक म्हातारे बाबा आले. सोबत कुणी नाही, खिशात कागद नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाबा माझा हात सोडेनात. मी बसून राहिले, वीसेक मिनिटं. सेहरी राहून गेली. त्यांनी डोळे मिटले तेव्हा मी शेजारी होते. सगळे म्हणाले, सिस्टर, ड्युटीच्या पलीकडे गेलात.

पण त्या वीस मिनिटांत पडद्यापलीकडे दम्याचा एक पोरगा माझी वाट बघत होता. त्याची आई दोनदा हाक मारून गेली. पोरगा वाचला, अल्लाहचं करम. नसता वाचला तर? त्या रात्री कॅज्युअल्टीत मी एकटी होते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या वॉर्डातसुद्धा पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे. माझ्याकडे चौदा होते. माझी हमदर्दी मी त्या पोराच्या वाट्यातून उचलली होती. ज्याला तुम्ही त्याग म्हणता, तो बऱ्याचदा रिकाम्या जागांवर टाकलेला पडदा असतो. फरिश्त्याला पगार, झोप, जोडीदार नर्स काहीच लागत नाही. म्हणून सरकारलाही हा शब्द आवडतो.

आणि मग रात्री दोन वाजता वीस-पंचवीस पोरं आत घुसतात, काच फोडतात, समोर दिसेल त्या सिस्टरवर हात उगारतात. त्यांचा राग खोटा नसतो. आपल्या वस्तीला दवाखान्यात कसं वागवलं जातं ते मलाही माहीत आहे. पण जागा भरायचं नाकारणारा माणूस कॅज्युअल्टीत बसत नाही. २०१० च्या कायद्याने महाराष्ट्रात हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात तुमचं करिअर जातं, आमची नर्स संख्या मात्र तेवढीच राहते.

तेव्हा पुढच्या १२ मेला स्टेटस ठेवू नका. आपल्या जिल्हा रुग्णालयात नर्सची मंजूर पदं किती आणि रिकामी किती, हे माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज आहे. उत्तर घेऊन आमदाराच्या दारात जा. पेशंटसोबत दोघेच आत या. आणि बहिणीला नर्सिंगला जायचं असेल तर अब्बांसमोर तिच्या बाजूने उभे राहा.

त्या बाबांचा हात धरायला एक सिस्टर आणि त्या पोराला नेब्युलायझर लावायला दुसरी, इतकंच मागते आहे. दुसरी कदाचित तुमचीच बहीण असेल.