कपाटांतील विज्ञान

या सदरांतून दुसऱ्यांचे दोष दाखविण्याचें सोपें काम आम्ही पुष्कळदां केलें आहे. या महिन्यांत मात्र स्वतःच्याच एका चुकीपासून आरंभ करणें भाग आहे.

आम्ही शाळेंत असतांना एका कारखानदारानें शाळेस दोन सूक्ष्मदर्शक यंत्रें भेट दिलीं. हारतुरे झाले, भाषणें झालीं, छायाचित्र निघालें. दुसऱ्या दिवशीं यंत्रें कपाटांत गेलीं आणि किल्ली आमच्याकडे आली. मुलांच्या हातून भिंग फुटलें तर जाब कोणीं द्यावयाचा, या भयानें आम्ही तें कपाट तपासनीस येत तेव्हांच उघडीत असूं. कांद्याचा पापुद्रा त्या भिंगाखालीं पाहण्याची संधि आमच्या कारकीर्दींत एकाहि मुलास मिळाली नाहीं.

याची आठवण होण्याचें कारण आमचा नातू. परवां त्यानें आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे घेऊन माजघरांत पसारा मांडला. नळीनें काड्या जोडून त्यानें एक चौकोन केला व एक त्रिकोण. "आजोबा, चौकोन दाबला कीं कलतो, त्रिकोण कां हालत नाहीं?" आम्हीं त्यास पडवीच्या छपराखालील कैची दाखविली. तींतहि त्रिकोणच आहेत, हें त्यानें आमच्या आधीं ओळखलें.

या खेळाचा इतिहास वाचकांनीं जाणण्याजोगा आहे. मध्य प्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनीं सरकारच्या अनुमतीनें १६ शाळांतून विज्ञानशिक्षणाचा नवा प्रयोग आरंभिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील व दिल्ली विद्यापीठांतील शास्त्रज्ञ त्यांत येऊन मिळाले. मुलें टोळीनें बसून स्वतः प्रयोग करीत आणि निष्कर्ष आपल्या शब्दांत लिहीत. परीक्षेंतहि पुस्तक उघडण्यास मोकळीक असे. १९७८ सालीं पुण्याच्या टेल्को कारखान्यांतील अभियंता अरविंद गुप्ता रजा घेऊन तेथें गेले. गांवच्या बाजारांत मिळणाऱ्या काड्या व नळी यांतून त्यांनीं जें साधन निर्माण केलें, तेंच आज आमच्या माजघरांत आलें आहे.

कारखान्याकडून त्या मुलांस जें मिळालें तें यंत्र नव्हे, एक जाणता माणूस होता. साधन कांहीं पैशांचें होतें. म्हणूनच त्यास कुलूप लावावें असें कोणास वाटलें नाहीं. तो उपक्रम सुमारें १००० शाळांपर्यंत पोंचला आणि २००२ सालीं सरकारनें तो बंद केला. एका आज्ञेनें चालणारें काम दुसऱ्या आज्ञेनें थांबतें. गांवानें व घरांनीं तें आपलें मानिलें पाहिजे, हा बोध आम्ही त्यांतून घेतों.

द्रव्याची अडचण आज पूर्वीइतकी नाहीं. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या नफ्याच्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यास लावणें प्राप्त झालें असून शिक्षण हें त्यांतील एक कार्य आहे. परंतु त्या पैशांतून नुसतीं कपाटें भरलीं, तर आमच्या चुकीचीच पुनरावृत्ति होईल. दात्यानें यंत्राबरोबर दुरुस्तीचा खर्च द्यावा. आणि आपला एखादा कारागीर महिन्यांतून एक दुपार, पगार न कापतां, शाळेंत धाडावा. आपल्या एकत्र कुटुंबांतूनहि कोणी औषधें करणारा असतो, कोणी यंत्रावर काम करणारा, कोणी रुग्णालयांत परिचर्या करणारी सून असते. त्यांनीं वर्गांत जाऊन आपल्या नित्याच्या कामामागील कारण सांगितलें, तर मुलांस विज्ञान परकें वाटणार नाहीं.

आम्हीं आमच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांस पत्र लिहिलें आहे. कपाट उघडावें, मुलांस यंत्रें हाताळूं द्यावीं, आणि पहिलें भिंग फुटेल त्याची किंमत आमच्या निवृत्तिवेतनांतून घ्यावी, अशी त्यांस विनंति आहे. उत्तराची वाट पाहत आहों.