विश्लेषण : कर्करोगानंतरचे म्हातारपण कोण मोजणार?

कर्करोग झालेल्या पंचाहत्तरीच्या माणसाबद्दल सरकारी नोंदीत काय सापडते? वय, गाव, कोणत्या अवयवाचा कर्करोग, कोणता टप्पा, काय उपचार आणि शेवटी मृत्यूची तारीख. तो जिना चढतो का, स्वत:ची आंघोळ स्वत: करतो का, दुखण्यापायी रात्र जागून काढतो का, याचा मागमूस नसतो. अमेरिकेने कर्करोग नोंदणी आणि ज्येष्ठांचे आरोग्य सर्वेक्षण ही दोन सरकारी दप्तरे एकमेकांशी जोडून ही उणीव काही अंशी भरून काढली. महाराष्ट्रात या दोन्ही प्रकारची दप्तरे आहेत. ती एकमेकांशी बोलत मात्र नाहीत.

दोन दप्तरे कोणती?

पहिले ‘सीअर’. अमेरिकेत 1971 मध्ये राष्ट्रीय कर्करोग कायदा झाला आणि 1973 पासून तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ठरावीक भागांतील प्रत्येक नव्या कर्करुग्णाची नोंद सुरू केली. आज जवळपास निम्मी अमेरिकी लोकसंख्या या नोंदणीखाली येते. दुसरे दप्तर मेडिकेअरचे, म्हणजे प्रामुख्याने 65 वर्षांवरील नागरिकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे. या विम्यातील खासगी कंपन्यांच्या योजना घेणाऱ्यांपैकी काहींना निवडून 1998 पासून प्रश्नावली पाठवली जाते आणि दोन वर्षांनी त्याच व्यक्तींना तीच पुन्हा. जिने चढताना किती त्रास होतो, दुखण्यामुळे कामे अडतात का, मन खिन्न असते का, कपडे घालायला, खुर्चीतून उठायला, शौचाला जायला कोणाची मदत लागते का, असे साधे प्रश्न त्यात असतात. ही दोन दप्तरे व्यक्तिनिहाय जुळवायची, मग नाव-गाव पुसून संशोधकांना द्यायची, अशी ही व्यवस्था.

त्यातून असे काय कळते, जे रुग्णालयात कळत नाही?

आजारापूर्वीचा माणूस. रुग्णालयातील कोणताही अभ्यास निदानानंतर सुरू होतो. तोवर रुग्ण घाबरलेला आणि थकलेला असतो. ‘पूर्वी कसे होते?’ असे विचारले तर तो आठवून सांगतो आणि आजारी माणसाला आपले पूर्वीचे दिवस जरा जास्तच चांगले आठवतात. सर्वेक्षणाने मात्र त्याला तेव्हाच विचारलेले असते, जेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्याला किंवा डॉक्टरांना ठाऊक नव्हते.

या जोडणीवर आधारलेला एक महत्त्वाचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन प्रश्नावल्यांच्या मधल्या काळात कर्करोगाचे निदान झालेले 1,432 ज्येष्ठ संशोधकांनी निवडले आणि त्यांच्याशी मिळतीजुळती, पण कर्करोग नसलेली 7,160 माणसे तुलनेला घेतली. ही तुलना महत्त्वाची. पंचाहत्तरीत दोन वर्षांत गुडघे तसेही कुरकुरतातच. त्यातले वयाचे किती आणि कर्करोगाचे किती, हे वेगळे केल्याखेरीज काहीच सिद्ध होत नाही. अभ्यासात बहुतेक कर्करोगांत शारीरिक क्षमता वयोमानापेक्षा अधिक घसरल्याचे दिसले. सर्वाधिक घसरण फुप्फुसाच्या कर्करोगात होती. मनाचे आरोग्य मात्र सगळ्यांचे ढासळले नव्हते. ती घसरण फुप्फुस, मोठे आतडे आणि प्रोस्टेट या कर्करोगांत ठळक होती.

उपचार ठरवताना घरचे डॉक्टरांना ‘किती वर्षे?’ एवढेच विचारत नाहीत. ‘बाबा पुन्हा चालतेफिरते होतील ना?’ हेही विचारतात. नव्या औषधांच्या चाचण्यांत वृद्ध आणि इतर आजार असलेले रुग्ण कमीच घेतले जातात, त्यामुळे या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथूनही मिळत नाही.

अमेरिकी जोडणीत दोष नाहीत का?

आहेत. सर्वेक्षण खासगी योजनांपुरतेच असल्याने थेट सरकारी मेडिकेअरमधील ज्येष्ठ त्यात येत नाहीत. फार आजारी माणूस प्रश्नावली भरून पाठवत नाही, त्यामुळे चित्र असते त्याहून बरे दिसते. शिवाय कोणाला निदानानंतर तीन महिन्यांनी प्रश्न विचारले जातात, तर कोणाला आठ वर्षांनी.

महाराष्ट्राकडे काय आहे?

नोंदणीच्या बाबतीत मुंबई अमेरिकेच्या ‘सीअर’हून दहा वर्षांनी जुनी. इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये येथे देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. 1987 मध्ये बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांच्या ग्रामीण भागासाठी बार्शीची नोंदणी उभी राहिली. तेथील कर्मचारी रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहत बसले नाहीत, गावोगाव जाऊन शोधत राहिले. सर्वेक्षणही आहे. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये ‘लासी’ या पाहणीत देशभरातील 45 वर्षांवरील 72 हजारांहून अधिक व्यक्तींना आरोग्य, हालचाल, उदासी, घरखर्च असे सारे विचारले.

मग ही दोन्ही जोडली की झाले? नाही, आणि येथे अमेरिकेची नक्कल उपयोगाची नाही. देशातील कर्करोग नोंदणी लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या थोड्याफार पुढे-मागे पोहोचते. म्हणजे ‘लासी’तील सात-आठ हजार माणसे नोंदणीच्या क्षेत्रात असतील. त्यांतील शंभरात एकाला कर्करोग धरला तरी हाती सत्तर-ऐंशी रुग्ण लागतील, तेही वेगवेगळ्या कर्करोगांचे. त्यावरून धोरण ठरत नाही. शिवाय दोन्ही दप्तरांत माणूस एकच आहे हे ओळखायला मेडिकेअरसारखा सामायिक विमा क्रमांकही नाही. आयुष्मान भारतचा ‘आभा’ क्रमांक पुढे कामी येईल, पण जुन्या नोंदींत तो कोठून असणार?

तरी मार्ग आहे. देशभराचे सर्वेक्षण नोंदणीकडे आणण्याऐवजी नोंदणीच्या क्षेत्रातच सर्वेक्षण न्यावे. सुरुवात बार्शीतून व्हावी. तीन तालुक्यांतील साठीपुढच्या लोकांना दर दोन वर्षांनी दहा-बारा प्रश्न विचारायचे. त्यात खुर्चीऐवजी जमिनीवरून उठणे आणि एसटीची पायरी चढणे हवे. अशी कामे येथे अशक्य नाहीत. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे 1 लाख 31 हजार महिलांवर झालेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोग तपासणीच्या चाचणीत महिलांचा वर्षानुवर्षे माग ठेवला गेला. त्या चाचणीचे निष्कर्ष 2009 मध्ये जगभर वाचले गेले.

संमतीचे काय?

अवघड भाग हा आहे. आपल्याकडे अनेक घरांत आजोबांना कर्करोग झाल्याचे आजोबांनाच सांगितलेले नसते. फाइल मुलाकडे असते आणि ‘गाठ आहे, औषधाने जाईल’ एवढ्यावर भागवलेले असते. अशा माणसाला सर्वेक्षकाने ‘कर्करोग आहे का?’ विचारले तर उत्तर ‘नाही’ येते. घरच्यांसमोर विचारले तर प्रश्न सुनेकडे किंवा मुलाकडे वळतो. म्हणजे केवळ विचारून केलेल्या पाहणीत हे रुग्ण निरोगी म्हणून नोंदले जातात. नोंदणीशी जोडणी केल्यास हा घोळ टळतो, कारण सर्वेक्षकाला आजाराचे नाव उच्चारावेच लागत नाही.

पण ज्याला आजारच ठाऊक नाही, त्याची संमती कशाची घ्यायची? निदान झाल्यावर ती मागणे येथे निरर्थक आहे. ती पहिल्या भेटीतच, माणूस धडधाकट असताना, ‘तुमची उत्तरे पुढे तुमच्या दवाखान्यातील नोंदींशी जुळवून पाहू का?’ अशा सरळ मराठीत आणि त्यालाच विचारून घ्यावी. तो नाही म्हणाला, तर मुलाची सही चालवून घेऊ नये.